सोनाखानचा पाऊस: मचाण, दोर आणि रायपूरचे सतरा शिपाई



रायपूरला पोस्टिंग झाल्यापासून पुण्या-नागपूरच्या मित्रांचे, विशेषतः निवृत्त झालेल्या जुन्या सोबत्यांचे, एकाच प्रकारचे फोन येतात. "पावसाळ्यात तिकडं यायचंय. जंगलात ट्रेक होईल ना? झाडावरच्या घरात राहता येतं म्हणे. आणि नातवंडांसाठी झिपलाइन?" या तिन्ही गोष्टी रायपूरपासून दोन-तीन तासांच्या टप्प्यात कुठे ना कुठे मिळतात. पण दोन पावसाळे इथल्या रानात हिंडल्यावर एक गोष्ट लक्षात आली. आज सहलीच्या जाहिरातीत या तीन गोष्टी मौज म्हणून शेजारी शेजारी बसलेल्या असल्या, तरी फार काळ त्या मौज नव्हत्या. पावसाळी रानात चालणे हा पळून जाणाऱ्याचा आणि त्याचा पाठलाग करणाऱ्याचा उद्योग होता. झाडावर रात्र काढणे हे पीक राखणाऱ्याचे काम होते. दोराला लटकून ओढा ओलांडणे तर अजूनही आम्हा फौजींचा प्रशिक्षणातला धडा आहे. आजचा लेख या तिन्हींच्या जुन्या हकिगतींबद्दल आहे, आणि त्यांच्या मधोमध रायपूर शहर आहे.

रस्ता

रायपूरहून महासमुंदच्या दिशेने राष्ट्रीय महामार्गाने निघायचे आणि पुढे डावीकडे सिरपूरला वळायचे. सिरपूर म्हणजे प्राचीन श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. महानदीच्या काठी सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर आजही उभे आहे. महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिने ते बांधवले. मराठी वाचकांनी इथे आणखी एक नाव लक्षात ठेवावे. १९५० च्या दशकात सिरपूरचे मोठे उत्खनन सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. आज आपण जे बौद्ध विहार पाहतो, त्यांच्यावरची माती उचलणाऱ्यांत हा मराठी माणूस पुढे होता.

सिरपूर मागे टाकले की रान दाट होत जाते आणि बारनवापारा अभयारण्याची हद्द लागते. बार आणि नवापारा या दोन गावांवरून हे नाव पडले. १९७६ साली अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २४५ चौरस किलोमीटर. पूर्वी हा भाग रायपूर जिल्ह्यात होता, २०१२ पासून बलौदाबाजार जिल्ह्यात आहे. साल, साग, साजा म्हणजे आपला ऐन, तेंदू, मोह आणि बांबू. अलीकडे आसामातून रानम्हशी आणून इथे ठेवल्या आहेत, काळवीट पुन्हा सोडले आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हत्तींचे कळपही या रानात येऊ लागले आहेत.

आता फोन करणाऱ्या मित्रांसाठी महत्त्वाची बाब. ऐन पावसाळ्यात अभयारण्याचे दरवाजे पर्यटकांसाठी बंद असतात, ऑक्टोबर उलटेपर्यंत. पावसाळी ट्रेक करायचा तो हद्दीबाहेरच्या वाटांनी: कसडोलजवळचा सिद्धखोल धबधबा, तुरतुरियाचे झरे, जोंक नदीचे खोरे, नाहीतर दुसऱ्या दिशेला गरियाबंदकडचे जतमई आणि घटारानी. तुरतुरियाला वाल्मीकींचा आश्रम होता अशी इथली श्रद्धा आहे आणि झऱ्याच्या पाण्याच्या 'तुर तुर' आवाजावरून नाव पडले असे सांगतात.

जुलैत या रानात शिरलात की सह्याद्रीच्या पावसाची सवय असलेल्या माणसाला दोन फरक जाणवतात. पहिला, इथे कडे नाहीत. डोंगर बुटके, उतार लांबलचक. त्यामुळे वरून पाहून दिशा ठरवावी अशी जागाच सापडत नाही. दुसरा, माती. लाल-पिवळी, बुटाला किलो-किलोने चिकटणारी. तासाला चार किलोमीटरचा वेग दीडवर येतो. नाले कोरडे दिसतात आणि वर कुठेतरी पाऊस झाला की तासाभरात छातीपर्यंत भरतात. आमचा वाटाड्या साठीच्या पुढचा एक बिंझवार गृहस्थ होता. सगळे त्याला कका म्हणत, म्हणून आम्हीही कका म्हणू लागलो. त्याच्या डोक्यावर बांबूची खुमरी आणि पायात काहीच नाही. "पानी गिरही, साहेब," एवढे बोलून तो चालू लागे आणि आमचे जवान महागड्या बुटांतला चिखल काठीने काढत मागे राहत. सालाच्या झाडाखाली पहिल्या पावसात उगवणारे बोडा आणि पुटू तो जाता जाता टिपून घेई. रायपूरच्या बाजारात हे बोडा मटणापेक्षा महाग जातात.

तिथेच हरेली पाहिली. श्रावणातली अमावास्या म्हणून इकडे ती साजरी होते, पण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो म्हणून आपल्या पंचांगात तो दिवस आषाढ अमावास्येचा, म्हणजे दिव्याच्या अवसेचा. नांगर-कुदळ धुऊन पूजा करायची आणि पोरांनी बांबूच्या गेंडीवर चढून चिखलातून चालायचे. पुढच्या अमावास्येला पोळा येतो, तो मात्र आपल्याच दिवशी. विदर्भातल्या वाचकांना इथला 'पोरा' आणि मातीचे बैल बघून घरी आल्यासारखे वाटेल.

मचाण

झाडावरचे घर म्हणजे आजच्या भाषेत ट्री-हाउस. मी ज्यात राहिलो ते अभयारण्याबाहेरच्या एका खासगी कॅम्पमध्ये होते. चार सालांच्या आधाराने जमिनीपासून वीसेक फूट उंच, लाकडी जिना, आत पलंग, पंखा, न्हाणीघरसुद्धा. कका वर यायला राजी नव्हता. खाली उभा राहून त्याने पायापासून छपरापर्यंत सगळे न्याहाळले आणि विचारले, "शेत कुठं आहे?"

त्याचा प्रश्न रास्त होता. मचाण असते ते शेतासाठी. आपल्याकडे जोंधळ्याच्या शेतात माळा घालतात आणि गोफण घेऊन पाखरे राखतात, तशीच इथे भाताच्या आणि मक्याच्या शेतात मचाण. फरक इतकाच की इथे पाखरांबरोबर रानडुक्कर, अस्वल आणि आता हत्तीही असतात. वर झोपण्याचे दुसरे कारण साप. पावसात बिळांत पाणी शिरले की मण्यार जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्यांच्या जवळ येते, आणि तिचा दंश पुष्कळदा झोपेतल्या माणसाला कळतही नाही. म्हणून पावसाळ्याच्या रात्री खाटेवर किंवा मचाणावर काढायच्या. हत्ती आले तर मचाणाचा आधारही अपुरा पडतो. मग सगळे गाव एखाद्या पक्क्या छतावर जमून मशाली आणि टॉर्च घेऊन रात्र जागवते.

इंग्रजी अमदानीत या मचाणाचा दुसरा उपयोग सुरू झाला, शिकारीचा. मध्य प्रांताच्या जंगलांत हिंडून कॅप्टन जेम्स फोर्साइथने जे पुस्तक लिहिले ते १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि साहेबांच्या शिकारी छावण्यांची ओढ त्याने वाढवली. शेतकऱ्याचे मचाण शिकाऱ्याचे झाले, शिकार बंद झाल्यावर ते छायाचित्रकाराचे झाले, आणि आता पलंग-पंखा घालून पाहुण्यांचे झाले आहे. मला त्या रात्री झोप छान लागली, हे कबूल करायला हरकत नाही. पण छपरावरचा पाऊस ऐकताना, चार किलोमीटरवर कुणीतरी याच पावसात भातावर जागा आहे, हे डोक्यातून जात नव्हते.

पाऊस आणि फौजा

आता इतिहासाकडे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करत, ते काही फक्त शास्त्रात लिहिले आहे म्हणून नव्हे. चार महिने नद्या भरलेल्या, वाटा बुजलेल्या, घोड्याला कोरडा चारा नाही, दारू भिजलेली. दसऱ्याला पाणी ओसरते आणि वाट उघडते. नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगढातल्या हालचाली याच वेळापत्रकाने चालत. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून आले, तिथल्या हैहयवंशी राजा रघुनाथसिंहाने शरणागती पत्करली आणि एक लाखाचा दंड बसला. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर त्यांचे. कारभारात मराठी आणि मोडी त्यांच्या काळात आली, आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चाल इकडे त्यांनीच रुजवली असे सांगतात.

पण मराठी वाचकांनी याची दुसरी बाजूही पाहावी. सपाट, पिकाऊ मुलूख थेट सरकारी ताब्यात, आणि कडेचा डोंगराळ रानटी भाग जमीनदारांकडे, अशी इथली रचना होती. जमीनदार टकोली भरत, घाट आणि वाटा राखत. भोसल्यांच्या सुभेदारांशी त्यांचे संबंध नेहमी गोडीचे नव्हते. त्यातलीच एक जमीनदारी सोनाखान. बिंझवार आदिवासींची, जोंक नदीच्या खोऱ्यातली, चारी बाजूंनी रान. १८१८ मध्ये भोसल्यांचा पराभव होऊन इंग्रज अधीक्षक आले, त्यांनी राजधानी रतनपूरहून रायपूरला आणली. त्या धामधुमीत सोनाखानचे जमीनदार रामराय यांनी भोसले आणि इंग्रज अशा दोघांच्याही विरुद्ध शस्त्र उचलले होते. म्हणजे सोनाखानचा राग आपल्यापासूनच सुरू होतो. १८३० मध्ये रामरायांनंतर त्यांचा मुलगा नारायणसिंह गादीवर आला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर छत्तीसगढही थेट कंपनीकडे गेला.

कसडोलचे धान्य

१८५६ मध्ये पाऊस फिरला. ज्या मुलखाला भाताचे कोठार म्हणतात तिथे लोक उपाशी पडले. पावसाळा हा तसाही रानातल्या माणसाचा अर्धपोटी काळ. जुने धान संपलेले, नवे अजून हिरवे. त्यात दुष्काळ. कसडोलला माखन नावाच्या व्यापाऱ्याची धान्याने भरलेली कोठारे होती. नारायणसिंहाने उधारीवर धान्य मागितले, व्यापाऱ्याने नाकारले. तेव्हा नारायणसिंहाने कोठार फोडून धान्य वाटले आणि आपण काय केले व का केले हे रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला स्वतःच कळवले.

या कळवण्यावर मी बरेच दिवस विचार केला. चोर असे कळवत नाही. ही जबाबदार माणसाची वागणूक आहे: परिस्थिती अशी होती, मी असा निर्णय घेतला, आता आपण ठरवा. फौजेत आम्ही याला रिपोर्ट करणे म्हणतो. चार्ल्स इलियट हे त्या वेळचे डेप्युटी कमिशनर. त्यांनी व्यापाऱ्याची तक्रार धरली. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी नारायणसिंहाला संबळपूरकडे अटक झाली आणि रायपूरच्या तुरुंगात आणले गेले.

पुढचा पावसाळा १८५७ चा. मे महिन्यात मीरत पेटले, दिल्ली गेली. रायपूरला तिसऱ्या रेजिमेंटचे देशी शिपाई होते. ऑगस्टच्या अखेरीस, २८ तारखेला, नारायणसिंह तुरुंगातून निसटले. आतल्या शिपायांची साथ असल्याशिवाय हे घडले नसते, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता नकाशा समोर ठेवून सैनिकाच्या नजरेने पाहा. ऑगस्ट-अखेर. महानदी दुथडी. रायपूर ते सोनाखान सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर, मध्ये चिखल, भरलेले नाले आणि दाट रान. एकट्या-दुकट्याला, वाटा माहीत असलेल्याला, अनवाणी चालणाऱ्याला ही वाट जमते. तोफा, बैलगाड्या आणि बूट घातलेली पलटण यांना ती जमत नाही. नारायणसिंहाला पावसाने जवळजवळ तीन महिने दिले. त्या तीन महिन्यांत सोनाखानला सुमारे पाचशे माणसे जमली. भरलेल्या नाल्यांच्या आड बसून ही तयारी झाली. कॅप्टन स्मिथची फौज रायपूरहून निघाली ती २० नोव्हेंबरला, दसरा-दिवाळी उलटून, पाणी ओसरल्यावर. सीमोल्लंघनाचा तोच जुना नियम, फक्त आता तो इंग्रज पाळत होता.

पाणी ओसरले की रानाचा तट पडतो. शिवाय देवरीच्या जमीनदाराने, जो नारायणसिंहाच्या नात्यातला, इंग्रजांना मदत केली. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला स्मिथ सोनाखानला पोचला. गाव रिकामे होते, ते जाळले गेले. नारायणसिंह आणि त्यांची माणसे कुर्रूपाटच्या डोंगरावर. दुसऱ्या दिवशी ते शरण आले. लोकांना आणखी झळ नको म्हणून, असे सोनाखानचे लोक सांगतात. हा डोंगर मी चढलो आहे. वरून खोरे स्पष्ट दिसते. चांगली बचावाची जागा आहे, पण अन्न आणि पाणी खालून आणावे लागते, आणि खाली गाव जळत असेल तर ती जागा किती दिवस धरायची याचे उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

१० डिसेंबर १८५७ रोजी रायपूरला त्यांना जाहीरपणे मृत्युदंड दिला गेला. आजच्या जयस्तंभ चौकाची जागा त्यासाठी सांगितली जाते. फाशी दिली असे अभ्यासक मानतात. लोकांच्या आठवणीत मात्र ते तोफेच्या तोंडी आहेत, आणि १९८७ मध्ये निघालेल्या टपाल तिकिटावरही तेच चित्र आहे. नवा रायपूरचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियम शहीद वीर नारायणसिंह यांच्या नावाचे आहे. सामना टीव्हीवर पाहताना नाव ऐकले असेल. माणूस हा असा होता.

सतरा जण

ही शिक्षा देशी शिपायांना जरब बसावी म्हणून त्यांच्यासमोर दिली गेली. परिणाम उलटा झाला. एकोणचाळीस दिवसांनी, १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी, तिसऱ्या रेजिमेंटमधला मॅगझिन लष्कर हनुमानसिंह दोन साथीदारांसह सार्जंट मेजर सिडवेलच्या घरात शिरला आणि त्याने त्याला ठार केले. मग छावणीत जाऊन बाकीच्यांना हाक दिली. तोफखान्यातले काही जण उठले, पण अख्खी पलटण उठली नाही. काही तासांच्या झटापटीनंतर सतरा जण पकडले गेले. हनुमानसिंह निसटला, पाचशे रुपयांचे इनाम लावूनही सापडला नाही. चार दिवसांत खटला आटोपला आणि २२ जानेवारीला सतराही जणांना सर्व फौजेसमोर फाशी दिली गेली. त्यांच्यात हवालदार गाझी खान होते, अब्दुल हयात होते, मातादीन, ठाकूरसिंह, बल्ली दुबे, शिवगोविंद, देवीदीन होते. बहुतेक गोलंदाज, म्हणजे तोफेवरचे शिपाई. हिंदू आणि मुसलमान एकाच रांगेत.

मी स्वतः वर्दीतला माणूस. बंड हा शब्द माझ्या शिक्षणात सर्वांत वाईट शब्दांपैकी एक आहे. सिडवेलही सैनिकच होता आणि तो लढाईत नव्हे, घरात मारला गेला, हेही विसरता येत नाही. तरी या सतरा जणांपुढे मी सलाम करतो आणि त्याचे कारण स्वतःला नीट सांगू शकतो. ज्या माणसाने भुकेल्यांना धान्य वाटले त्याच्या वधाच्या वेळी त्यांना हत्यारे घेऊन उभे केले गेले होते. माझी शपथ संविधानाची आहे. ज्यांच्यासाठी लढायचे तेच लोक त्या संविधानाचे मालक आहेत. त्यांची चाकरी एका कंपनीची होती, आणि त्या लोकांशी कंपनीचे नाते फक्त वसुलीचे होते. शिस्त दोन्हीकडे सारखीच दिसते, कवायतही सारखीच. फरक आहे तो शिस्त कुणासाठी पाळायची यात. नव्या जवानांना १८५७ शिकवताना मी मीरत-झाशीबरोबर रायपूर सांगतो ते याचसाठी.

गवताचा सत्याग्रह

पावसाने या रानाच्या इतिहासात आणखी एकदा हात घातला, १९३० मध्ये. महात्माजींनी मिठाचा कायदा मोडला, पण मध्य प्रांताला समुद्र नाही, आणि पाऊस सुरू झाल्यावर कुठेच मीठ तयार होत नाही. मग मोडायचा कुठला कायदा? जंगलाचा. पावसात गवत वाढते, ते राखीव रानात कापायला बंदी. विळा घ्यायचा आणि गवत कापायचे. जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी हे केले. ऑगस्टमध्ये रायपूरच्या दक्षिणेला धमतरीजवळ रुद्री-नवागाव इथे तेच झाले, आणि तिथल्या पुढाऱ्यांत नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप ही मराठी नावे होती. त्यांनी १९२२ मध्येच सिहावा-नगरीच्या रानात आदिवासींबरोबर जंगल सत्याग्रह केला होता. महासमुंदकडे तमोरा गावीही त्याच पावसात सत्याग्रह झाला. सप्टेंबरमध्ये आपल्या उरणजवळ चिरनेरला गोळीबार होऊन माणसे गेली, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना ठाऊक आहेच. पुसद, धमतरी, चिरनेर: एकाच पावसाळ्यातल्या या तीन जागा आहेत. ट्रेकमध्ये कमरेएवढ्या गवतातून जाताना त्या काळी हे गवत कापणे गुन्हा होता, एवढे आठवले तरी पुरे.

दोर

राहिली झिपलाइन. नातवंडांसाठी विचारणाऱ्यांना मी सांगतो, जरूर करा, पण नियम पाळून. आम्ही हाच प्रकार फ्लाइंग फॉक्स म्हणून करतो. एक टोक उंच, एक खाली, मध्ये नाला किंवा दरी, दोरावर कप्पी, कप्पीला कॅराबिनर, त्याला माणूस. ट्रेकिंग क्लबवाले लोणावळ्याच्या नागफणीवर व्हॅली क्रॉसिंग करतात, तेही याच कुळातले. अॅडव्हेंचर पार्कमध्ये शेजारीच तीन दोरांचा पूल असतो: पायाखाली एक, हातांना दोन. त्याला बर्मा ब्रिज म्हणतात. त्या नावातच ब्रह्मदेश आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश हातचा गेला तेव्हा रानात लढणे नव्याने शिकावे लागले. त्या शिकण्याची एक जागा आपला जुना मध्य प्रांत होती, ज्याची राजधानी नागपूर आणि ज्यात रायपूर जिल्हाही होता. १९४२ च्या पावसाळ्यात ब्रिगेडियर ऑर्ड विंगेट यांनी आपली ७७ वी ब्रिगेड सागरच्या रानात घातली. याच पुढे चिंडिट म्हणून ओळखल्या गेल्या. मुद्दाम पावसात, कारण ब्रह्मदेशातही पाऊसच होता. एका रात्री पूर आला आणि छावणीच पाण्यात गेली. माणसांनी झाडांवर चढून जीव वाचवला. झाडावरचा हा मुक्काम कुणी पैसे देऊन घेतला नव्हता. फेब्रुवारी १९४३ मध्ये ही ब्रिगेड, सुमारे तीन हजार माणसे, चिंदविन ओलांडून शत्रूच्या मागे गेली. त्याच वर्षी छिंदवाड्याला १४ वी भारतीय डिव्हिजन रानातल्या लढाईच्या प्रशिक्षणासाठी बसवली गेली. मार्च १९४४ मध्ये सांगशाकला आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांसमोर उभी राहिली. ती लढाई वेगळ्या लेखाचा विषय आहे.

स्वातंत्र्यानंतर ही विद्या मिझोरामच्या वैरेंगटेला जपली गेली, आणि २००५ मध्ये छत्तीसगढात कांकेर इथे पोलिसांसाठी जंगल युद्धाचे महाविद्यालय उभे राहिले. वैरेंगटेचे जुने प्रमुख ब्रिगेडियर पोनवार यांनी निवृत्तीनंतर ते उभारले. म्हणजे मध्य प्रांताच्या रानात दोर बांधायला शिकणे ऐंशी वर्षांत थांबलेले नाही.

पावसातल्या दोराबद्दल चार कामाच्या गोष्टी. नायलॉनचा दोर भिजला की साधारण दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो. तारेच्या झिपलाइनवर पाणी असेल तर ब्रेक कमी धरतो आणि माणूस अपेक्षेपेक्षा जोरात पोचतो, म्हणून खालच्या टोकाला दुसरा, स्वतंत्र ब्रेक आहे का ते विचारा. दोर झाडाला बांधला असेल तर झाड जिवंत आहे ना आणि पावसाने मुळाजवळची माती खचलेली नाही ना, ते बघा. वीज कडकडत असेल तर तारेजवळ थांबूच नका. हे विचारल्यावर चालक चिडला तर तिथे नातवंडांना चढवू नका.

जायचे असेल तर

पावसात यायचे तर जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे आणि बाहेरच्या वाटा करा. सोबत गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त द्या, कारण तेच त्याच्या घरचे अर्धपोटी महिने असतात. नाला भरलेला असेल तर बसून राहा. तासाभरात भरणारा नाला तीन तासांत उतरतोही. घाई करणारे वाहून जातात, हे मी फौजेतही पाहिले आहे.

बारनवापारा पाहायचे तर नोव्हेंबरनंतर या. आणि जमले तर डिसेंबरच्या १० तारखेच्या आसपास सोनाखानला जा. त्या दिवशी तिथे लोक जमतात. कुर्रूपाट चढा, तासाभराचेही काम नाही. येताना कसडोलवरून या. माखन व्यापाऱ्याचे नाव आज लोकांना आठवते ते त्याने न दिलेल्या धान्यामुळे. रायपूरला परतल्यावर जयस्तंभ चौकात दोन मिनिटे थांबा. तिथे गर्दी, हॉर्न आणि सिग्नल असतो. गाडी बाजूला लावायला जागा मिळणार नाही, तरी थांबा. तिथून तात्यापाऱ्यात जाऊन कुणा मराठी घरी चहा प्यायला काही अडचण येणार नाही. पंडित माधवराव सप्रे यांनी ज्या वस्तीत राहून हिंदीची आयुष्यभर सेवा केली ती हीच.

पुढचा लेख सांगशाकवर लिहायचा विचार आहे. त्या बटालियनमधल्या कुणाच्या घरी जुनी पत्रे किंवा फोटो असतील तर जरूर कळवा.

जय हिंद.